झेपेल तेवढंच

आमच्या जुन्या मॉनिटरच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. विड्यांच्या कट्ट्यांना गुंडाळतात तसल्या पातळ कागदाची. मूळचा गुलाबी रंग आता पांढुरका झालाय. तिच्यावर बॉलपेनने लिहिलंय : ‘८०० × ६००. ८५. याच्या वर नको. झेपणार नाही.’ ‘झ’ थोडा वेगळ्याच वळणाचा आहे. लिहिणाऱ्याने पहिली अक्षरं तेलुगूत गिरवली होती, मराठी तो नंतर दुकानांच्या पाट्या वाचत शिकला. त्या माणसाला जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात नव्या कॉम्प्युटरला हा मॉनिटर जोडताना मी तीन दिवस अडकून बसले होते. शेवटी अडलेलं काम या चिठ्ठीने सोडवलं.

सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाकडून आत शिरलं की एका बोळात त्यांचं दुकान होतं. सगळा बोळ त्यांना अण्णा म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायचो. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडचा कुणी आला तर कानडी. दुकान म्हणजे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी खोली. भिंतीला टेकून पोटं उघडी पडलेले टीव्ही, टेबलावर सोल्डरिंगची गन, आणि चारही बाजूंनी यंत्रमागांची खटखट. त्या आवाजात बोलायचं तर माणसाच्या जवळ जावं लागतं. अण्णा नेहमी जवळ येऊन, हळू बोलायचे. आतल्या खोलीत अक्का सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. वर्षातून एक दिवस दुकानाला हमखास कुलूप असायचं, ते नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि पद्मशाली समाजाचा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो.

माझे बाबा चादरींची डिझाईनं काढायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर असो, वेल असो, की कमळ, ते आधी कागदावर चौकटीचौकटीने उतरवावं लागतं. त्या कागदाला आम्ही ग्राफ म्हणतो. एक चौकट म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा भेटतो ती जागा. चौकट रंगवलेली असेल तर कार्डाला भोक पडतं, कोरी असेल तर पडत नाही. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. अशी शेकडो कार्डं एकापुढे एक शिवून त्यांची माळ मागावर चढवतात. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उठतो आणि खालून धोटा निघून जातो. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये ही युक्ती मागावर बसवली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवरच माणसं मोजली, आणि कॉम्प्युटरच्या पहिल्या पिढ्याही असल्याच कार्डांवर चालल्या. भोक आहे किंवा नाही, एवढीच भाषा. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. पण ही भाषा त्यांच्या बोटांत तीस वर्षं होती.

२००३ च्या सुमारास मालक लोक म्हणायला लागले, “मास्तर, कागद नको, कॉम्प्युटरवर दाखवा.” बाबा तेव्हा चौपन्न वर्षांचे होते, मी चौदाची. दोन कामं हातची गेली. तिसरं जायच्या आत बाबा मला घेऊन अण्णांच्या दुकानात गेले. पुण्याहून कुठल्याशा ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर अण्णांकडे यायचे. ते दुरुस्त करून ते विकायचे. आमच्यासाठी त्यांनी एक कॉम्प्युटर आणि पंधरा इंची मॉनिटर बाजूला काढला. कॉम्प्युटरचे पैसे आईच्या बचत गटातून उभे राहिले. मॉनिटरचे अडीच हजार राहिले. बाबा गप्प उभे होते. अण्णांनी किंमत पुन्हा सांगितली नाही आणि कमीही केली नाही. जवळ येऊन म्हणाले, “मास्तर, तुम्हाला काय झेपेल ते सांगा की. त्यावरनं मी ठरवतो.”

बाबांनी चारशे रुपये टेबलावर ठेवले आणि महिना दोनशे म्हणाले. अण्णांनी मॉनिटर स्वतः सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि हाताने धरून आमच्या घरापर्यंत चालत आणला.

डिझाईनचं महागडं सॉफ्टवेअर घेणं शक्यच नव्हतं. चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये एक ठिपका म्हणजे एक चौकट, असं धरून बाबा काम करायला लागले. आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरची फुलं खोटी दिसताहेत. समजा चादरीत इंचाला ताण्याचे अठ्ठेचाळीस आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, चाळीस धागे आहेत. मग कापडावर तीन इंचांचं गोल फूल काढायला आडवे एकशे चव्वेचाळीस ठिपके लागतात आणि उभे एकशे वीस. कापडावर ते गोल येतं. पडद्यावरचा ठिपका मात्र सारख्या बाजूंचा, त्यामुळे तिथे फूल चेपल्यासारखं दिसतं. ग्राफच्या कागदावर ही अडचण नव्हती, कारण त्याच्या चौकटीच कापडाच्या प्रमाणात छापलेल्या मिळायच्या. मालकाला चेपलेलं फूल दाखवून ऑर्डर कशी मिळणार?

अण्णांनी ऐकून घेतलं. बाबांची चादर मागितली, पट्टी मागितली. मग मॉनिटरची बटणं दाबत चित्राची रुंदी आत आत घेत गेले, उंची थोडी ताणली. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये ठिपक्यांची जागा ठरलेली नसते. मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ काढत जातो. तो किती रुंद झुलवायचा आणि किती उंच न्यायचा, हे आपल्या हातात असतं. अण्णांनी पडद्यावरच्या फुलाला पट्टी लावली. जेवढं आडवं, तेवढंच उभं. कडेच्या प्लॅस्टिकवर त्यांनी पांढऱ्या रंगाच्या चार बारीक खुणा केल्या. “मास्तर, चित्र इथनं इथपर्यंत असलं की ते तुमचं कापड. हललं तर मला बोलवा.” त्या खुणांच्या आत बाबांनी पुढची वीस वर्षं काम केलं.

शाळा सुटली की मी अण्णांकडे जाऊन बसायला लागले. मुलीच्या हातात सोल्डरिंगची गन देणारं दुकान तेव्हा बोळात दुसरं नव्हतं. पहिला महिना त्यांनी मला फक्त बघायला लावलं. मग म्हणाले, “अम्मा, डावा हात पाठीमागे.” पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बटण बंद केल्यावरही त्यातला काही भाग काचेत दबा धरून राहतो. दोन्ही हात आत असले तर तो एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. म्हणून आधी वायर बांधलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो जमिनीत सोडायचा, आणि तरीही एकच हात आत घालायचा. चट् असा बारीक आवाज झाला की अण्णा म्हणायचे, “आता बोलायला हरकत नाही.” फुगलेला कपॅसिटर, तडकलेलं सोल्डर, गेलेला एल.ओ.टी. (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) ही सगळी मला त्यांच्या टेबलावर भेटली. सोलापूरच्या उन्हाळ्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर, यंत्रमागांनी व्होल्टेज वरखाली होत असताना मॉनिटर धडाधड पडायचे. आलेल्या प्रत्येकाला अण्णा आधी तेच विचारायचे : हा रोज किती तास चालतो, कशावर चालतो, किती प्रखर ठेवता? पेचकस नंतर.

२००६ च्या पावसाळ्यात आमच्या मॉनिटरची केबल उंदराने कुरतडली. तिच्या टोकाला पंधरा पिनांचा निळा प्लग असतो, पाच-पाचच्या तीन ओळी. आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर आणलेली ही व्हीजीए जोडणी. अण्णांनी मला शेजारी बसवून एकेक पिन दाखवली. पहिली तीन लाल, हिरवी आणि निळी. प्रत्येकीत शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत वीज चढते-उतरते आणि ती जितकी चढेल तितका तो रंग उजळ. तेरावी झोताला सांगते की ओळ संपली, मागे फीर. चौदावी सांगते की पान संपलं, वर ये. अण्णांकडे जुन्या केबलचा एक तुकडा होता, पण त्यात तारा कमी भरत होत्या. त्यांनी रंगांच्या जोडल्या, ओळ-पानाच्या जोडल्या, जमिनीच्या जोडल्या. बारावी आणि पंधरावी तशाच ठेवल्या.

“या दोन कशाला असतात?” मी विचारलं.

“बोलायला,” ते म्हणाले. “चित्राला लागत नाहीत. कॉम्प्युटर यातनं विचारतो, तू कोण, तुला किती झेपतं. आणि हा सांगतो.”

कॉम्प्युटर सुरू केला. आधी तिथे ‘प्लग अँड प्ले मॉनिटर’ लिहून यायचं, आता ‘डीफॉल्ट मॉनिटर’ आलं. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं. “बघ अम्मा, आता याला ओळख नाही. मी याला मुका केला. कुणी मोठं चित्र पाठवलं तर हा नाही म्हणू शकणार नाही.” मग आत जाऊन अक्कांच्या सुपाशेजारचा एक कागद घेऊन आले, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि खळ लावून मॉनिटरच्या पाठीवर चिकटवला.

त्या पावसाळ्याच्या आधीच्या वर्षी आमचे हप्ते थांबले होते. भारनियमन सुरू झालं होतं. वीज नाही तर माग नाही, माग नाही तर नवं डिझाईन नाही. चारशे आणि दोनशेचे सात हप्ते एवढे गेले होते, सातशे रुपये राहिले होते. अण्णांनी कधी विषय काढला नाही. पुढे दिवस बरे आल्यावर बाबा दोन-तीनदा पैसे घेऊन गेले. दर वेळी अण्णा म्हणाले, “असू द्या की मास्तर. माझ्याकडे आले तर खर्च होतील. तुमच्याकडे आहेत तोवर आहेत.”

२०१४ मध्ये अण्णा गेले. तेरावं झाल्यावर बाबा आणि मी अक्कांकडे गेलो. बाबांनी सातशे रुपये पुढे केले. अक्कांनी ते मोजून घेतले, डब्यात ठेवले आणि चहा केला. मला ते बरं वाटलं. पैशांचं देणं पैशांनी फिटलं, त्यात भावनेची भेसळ झाली नाही. उरलेल्या देण्याला मात्र आकडा नव्हता. ते किती आहे हे मला मागच्या पावसाळ्यात कळलं.

आता मी चादरी आणि टॉवेलांची डिझाईनं करते. गिऱ्हाइकाला आजकाल चादर पलंगावर अंथरलेली, खोलीतल्या उजेडासकट पडद्यावर बघायची असते. त्यासाठी दमदार ग्राफिक्स कार्डाचा नवा कॉम्प्युटर घेतला. त्याच सुमारास बाबांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. त्यांची सगळी चित्रं मी नव्यावर उतरवली आणि सपाट रुंद पडद्यावर उघडून दिली. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये धाग्यांचं प्रमाण बसवता येतं, मी ते बसवूनही दाखवलं. शहात्तर वर्षांच्या बाबांनी खिशातून पट्टी काढली, पडद्याला लावली, पुन्हा खिशात ठेवली. एका यंत्रमागवाल्याला २००४ मधला वेलीचा काठ परत हवा होता आणि तो बाबांनीच दुरुस्त करायचा होता. ते म्हणाले, “यात आपला मॉनिटर लागेल का गं?”

नव्या कार्डाच्या पाठीला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. निळ्या प्लगला जागाच नाही. अण्णांनी दिलेला एक छोटा जोड माझ्याकडे होता, डीव्हीआयला लावला की पलीकडे व्हीजीए देणारा. तो फक्त पिना इकडच्या तिकडे नेतो. जुन्या कार्डांच्या डीव्हीआयमध्ये चढउताराची वीजही बरोबर यायची, म्हणून तो चालायचा. २०१० च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी आणि मॉनिटरवाल्या मोठ्या कंपन्यांनी व्हीजीए टप्प्याटप्प्याने सोडायचं जाहीर केलं होतं. एएमडीने २०१३ मध्ये आपल्या वरच्या कार्डांतून ही वीज काढली, एनव्हिडियाने २०१६ च्या दहाच्या मालिकेपासून. आता कार्डातून बाहेर पडतात ते नुसते आकडे. जॅकार्डच्या कार्डासारखं, भोक आहे किंवा नाही. काचेच्या मॉनिटरला मात्र चढउतारच हवा. मध्ये कुणीतरी बसून आकड्यांचे व्होल्ट करून द्यायला हवेत.

नवी पेठेतून मी तसला कन्व्हर्टर आणला. आगपेटीएवढा, आत आकड्यांचे व्होल्ट करणारी चिप. जोडला, बटण दाबलं. काच ठप्प करून जागी झाली, हातावरचे केस उभे राहिले, आणि काळ्या पडद्यावर सूचना आली : सिग्नल मर्यादेबाहेर. केबल काढून लावली, दुसऱ्या दिवशी दुसरा कन्व्हर्टर आणला, तेच. आता याला सोडून द्यावं असं वाटत असताना तिसऱ्या दिवशी मागची धूळ पुसायला म्हणून मॉनिटर फिरवला आणि चिठ्ठी समोर आली.

अण्णा गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते, ते मला दिसलं.

मॉनिटरने आपली ओळख सांगायची पद्धत व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवून दिली. १२८ बाइटांची एक छोटी वही मॉनिटरच्या आत असते. तो कुणी बनवला, किती मोठा, ओळी किती वेगाने काढू शकतो, हे सगळं तीत असतं आणि कार्ड ती बाराव्या-पंधराव्या पिनेतून वाचून घेतं. आमच्या केबलमध्ये त्या दोन तारा नाहीत. पूर्वीचे कॉम्प्युटर उत्तर आलं नाही तर लहान चित्र पाठवून वाट बघायचे. आताचे काही कन्व्हर्टर मात्र मॉनिटर गप्प दिसला की त्याच्या वतीने स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात : १९२० × १०८०. त्यासाठी सेकंदाला साडेसदुसष्ट हजार ओळी काढाव्या लागतात. आमचा मॉनिटर चोपन्न हजारांपर्यंत जातो. त्याने मर्यादेबाहेर म्हटलं ते खरंच होतं. त्याला न विचारता त्याच्यावर ओझं टाकलं जात होतं.

सपाट पडदा शेजारी लावून ठेवला, म्हणजे काही दिसेनासं झालं तरी सेटिंग हाताशी राहील. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्वतःचं माप भरायची सोय असते. तिथे चिठ्ठीवरचे आकडे भरले : ८००, ६००, सेकंदाला ८५ वेळा. हिशेब केला तर ओळी होतात त्रेपन्न हजार सातशेच्या आसपास. चोपन्नच्या जेमतेम आत. अण्णांनी शेवटच्या टोकापर्यंतचा आकडा काढून दिला होता, आणि पुढे ‘याच्या वर नको’ लिहिलं होतं. साठ वेळांवरही चित्र आलं असतं, पण काचेचा पडदा साठवर थरथरतो, बघणाऱ्याचे डोळे थकतात. त्यांनी मॉनिटरला किती झेपेल हे बघितलं होतं आणि बाबांच्या डोळ्यांना किती झेपेल हेही.

मापाला होकार दिला. काच क्षणभर काळी झाली आणि मग वेल उमटली.

बाबा खुर्ची ओढून बसले. बटणं दाबत रुंदी आत घेत गेले, पांढऱ्या खुणेशी आल्यावर थांबले, उंची खालच्या खुणेला टेकवली. पट्टी काढली. फूल जेवढं आडवं, तेवढंच उभं. काही न बोलता त्यांनी काठाचं पहिलं पान दुरुस्त करायला घेतलं. मी त्यांच्या मागे उभी राहिले तेव्हा माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेलेला होता.

शिकायला माझ्याकडे दोन मुली येतात. त्यांच्या पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडत नाही. आधी विचारते, घरी किती वेळ मिळतो, रात्रीची वीज असते का, डोळ्यांना काही त्रास आहे का. हे मला कुणी शिकवलं ते मी त्यांना सांगते. अण्णांच्या चिठ्ठीचा मी फोटो काढून ठेवला आहे. चिठ्ठीखाली त्याच मापाच्या दुसऱ्या कागदावर माझी एक ओळ जोडली आहे : ‘कन्व्हर्टरमधून जोडताना माप आधी भरावे, मग मॉनिटर लावावा. ओळखीच्या तारा नाहीत.’

काठ विणून झाला तेव्हा मालकाने पहिल्या खेपेतली एक चादर बाबांना दिली. ती घेऊन आम्ही अक्कांकडे गेलो. त्या आता मुलाकडे, विडी घरकुल वसाहतीत राहतात. डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी चादर मांडीवर घेतली, काठावरून अंगठा फिरवला, फुलाच्या कडेशी थांबला, परत फिरवला.

“गोल आहे,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “तो डबा अजून चालतो?”

“चालतो, अक्का.”

“त्यांनी लिहिलं होतं तेवढ्यावरच ठेवा,” त्या म्हणाल्या आणि चादरीची घडी नीट घालायला लागल्या.